भरतीची वेळ पाठ, पिन मात्र आठवत नाही

हर्णैच्या बंदरावर सत्तरीतल्या एखाद्या दर्यावर्दीला विचारा, आज भरती कधी? ‘अष्टमी ना? तिथीची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास.’ उत्तर तोंडावर तयार. हाच माणूस चार दिवसांपूर्वी घेतलेला यूपीआयचा पिन मात्र विसरतो आणि घरचे म्हणतात, वय झालं.

वय झालं, पण सगळीच स्मरणशक्ती एकदम उताराला लागत नाही. शब्दसंग्रह आणि आडाखे साठीपर्यंत वाढतच राहतात, पुढेही बरेचसे टिकतात. जाळ्याचा तुटलेला आस, म्हणजे जाळीतला चौकोन, सांधणाऱ्या बोटांची सवयही लवकर मोडत नाही. मंदावतो तो वेग, आणि तोही तिशीपासूनच हळूहळू. एकाच वेळी तीन-चार गोष्टी मनात धरणं जड जातं. शिवाय नवे प्रसंग नोंदवणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस उतारवयात वर्षाला साधारण एक-दोन टक्क्यांनी आकसतो.

नावं सर्वांत आधी अडतात. ‘हे सुतारकाम करतात’ म्हटलं की रंधा, पटाशी, लाकडाचा भुसा डोळ्यांपुढे येतो. ‘हे सुतार’ म्हणजे नुसतं आडनाव असेल, तर त्याला धरायला काहीच नसतं. नाव जिभेवर येऊन अडलं आणि तासाभराने आठवलं, तर घाबरण्याचं कारण नाही.

मासळी विकणाऱ्या आजीला फोन शिकवायचाय? एका बैठकीत एकच काम, पंधरा-वीस मिनिटं, टीव्ही बंद. फोन तिच्याच हातात. नातवंडं ‘दे इकडे’ म्हणून स्वतः बटणं दाबतात, तिथेच शिकणं थांबतं. आधी पैसे आल्याचं बघणं. त्याला पिन लागत नाही, हे तेव्हाच पक्कं सांगा, कारण फसवणूक नेमकी इथेच होते. पैसे पाठवणं नंतर, वेगळ्या दिवशी. दर वेळी आधी तिला आठवू द्या, अडली तर लगेच बरोबर पायरी दाखवा. मग उजळणी दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी, आठवड्याने. एकाच दुपारी दहादा घोकलेलं त्या दुपारी येतं आणि आठवड्यात पुसलं जातं.

ऐकू कमी येत असेल, तर गोष्ट मुळात आत पोहोचलेलीच नसते. कान तपासून घ्या. बी१२ची कमतरता, थायरॉइड, झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्या यांनीही विसरायला होतं. ओळखीच्या वाटेवर हरवणं, नेहमीचा हिशोब न जमणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं हे मात्र नुसतं वय नव्हे. डॉक्टरांकडे जाच.

आणि चाला. 2011च्या एका अभ्यासात 120 वयस्कर माणसं होती. आठवड्यातून तीन दिवस 40 मिनिटं झपझप चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस वर्षभरात सुमारे 2 टक्क्यांनी वाढला. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा 1.4 टक्क्यांनी घटला. ओहोटीला पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, घट्ट असते, चालायला तीच वेळ बरी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास मिळते. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला, त्या दिवशी सकाळी रस्त्यानेच चाललेलं बरं.