बेदाण्यातलं पाणी कुठं जातं?

फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगावकडं गेलात की जाळीच्या थरांवर द्राक्षं पसरलेली शेड दिसतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. म्हणजे किलोमागं तीन लिटर पाणी उडून जातं. खाली जाळ नाही, उकळी नाही, डोळ्यांना वाफही दिसत नाही.

पाणी उडायला ते उकळावंच लागतं असं नाही. त्याचे रेणू सतत धावत असतात, पण सगळे एका वेगानं नव्हे. पृष्ठभागाजवळचे सर्वांत चपळ रेणू हवेत निसटतात. मागं संथ रेणू उरतात, म्हणून पाणी गार होतं. कृष्णेत बुडी मारून घाटावर आलं की उन्हातही अंगावर काटा येतो, तो यामुळंच.

द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो पाण्याला अडवतो. म्हणून माल आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवून काढतात. पुढचं काम वाऱ्याचं. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत फार तर ३० ग्रॅम बाष्प मावतं. हवा आधीच भरलेली असली तर जितके रेणू सुटतात तितकेच परत येतात आणि वाळणं थांबतं. आभाळ आलं की बागायतदाराचा जीव टांगणीला लागतो, तो म्हणूनच.

या तीन लिटरचं बाष्प व्हायला हजार वॅटचा हीटर दोन तास चालवावा इतकी उष्णता लागते. ती सगळी उबदार हवा हळूहळू पुरवते, याचं मला फार नवल वाटतं.

गुऱ्हाळात हीच उष्णता चुलवाणात चिपाडं जाळून द्यावी लागते. पाणी २५ वरून १०० अंशांवर न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातपट त्याची वाफ करायला लागते. म्हणून उसाच्या रसाची काहील, म्हणजे मोठी कढई, कितीतरी वेळ उकळते, पण तापमान शंभरीच्या थोडं वरच अडून बसतं. काहिलीवरचा पांढरा ढग ही वाफ नव्हे, ते वाफ गार होऊन झालेले बारीक थेंब. खरी वाफ दिसतच नाही. चहाच्या किटलीच्या तोटीलगत जी जागा मोकळी वाटते, तिथं ती असते. तिथं हात नेऊ नका. कातडीवर तिचं पाणी होताना ती घेतलेली सगळी उष्णता तिथंच सोडते.

रसातलं पाणी सरत आलं की तापमान चढू लागतं. ११८ अंशांच्या आसपास गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळते का पाहतो आणि काहील उतरवायला सांगतो.