समुद्रपक्ष्यांच्या बेटांवरील मार्गदर्शित सहली

समुद्रपक्ष्यांच्या विणीच्या हंगामात त्यांच्या वसाहती असलेल्या दूरच्या बेटांवर, किंवा बेटांभोवती होडीतून, जाणकाराच्या सोबतीने काढलेली पक्षिनिरीक्षणाची सहल. एरवीच्या पक्षिनिरीक्षणात पक्षी शोधावा लागतो. इथे तो हजारोंनी समोर असतो, आणि पाहणारा त्याच्या घरट्यांच्या मधोमध उभा असतो. त्यामुळे किती जवळ जायचे आणि कुठे थांबायचे, या एका प्रश्नाभोवती या सहलींचे जवळजवळ सगळे नियम फिरतात.

पक्षी आणि त्यांची बेटे

अल्बट्रॉस, पेट्रेल, शिअरवॉटर, गॅनेट, पफिन, गिलेमॉट, तसेच कुरव (गल) आणि सुरय (टर्न) यांच्या अनेक जाती समुद्रपक्ष्यांत मोडतात. त्यांतले कित्येक महिनोन्‌महिने जमिनीकडे फिरकत नाहीत, पण अंडी घालायला जमीन लागतेच. मांजर, उंदीर, कोल्हा, साप पोचू शकत नाहीत अशी जमीन म्हणजे भर समुद्रातले बेट. अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या वीण केलेल्या पक्ष्यांना चारपायी शत्रूची धास्ती उरलेली नसते. माणूस दोन हातांवर येऊन उभा राहिला तरी कित्येक जण अंड्यावरून उठत नाहीत. पर्यटक त्याला कौतुकाने ‘माणसाळलेला’ म्हणतात. पेंग्विनांवर झालेल्या अभ्यासांत मात्र असे दिसले आहे, की बाहेरून शांत बसलेल्या पक्ष्याच्या हृदयाचे ठोके माणूस जवळ येताच वाढतात. पक्षी उडाला नाही म्हणजे त्याला त्रास झाला नाही, हा हिशेब इथे चालत नाही.

या पक्ष्यांची वीण संथ असते. अल्बट्रॉस, शिअरवॉटर, पफिन हे हंगामात एकच अंडे घालतात, आणि तेही वयाची काही वर्षे उलटल्यावर. त्याची भरपाई दीर्घायुष्याने होते. पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावर १९५६ मध्ये पायात कडी घातलेली ‘विज्डम’ नावाची लेसन अल्बट्रॉस मादी २०२४ च्या अखेरीसही अंडे घालताना दिसली. एवढ्या लांब आयुष्यात एखादे वर्ष वाया गेले तर पक्ष्याचे फारसे बिघडत नाही; मात्र होडीभर माणसे दरवर्षी त्याच वसाहतीत तोच गोंधळ घालू लागली, की काही वर्षांत वसाहतच ओसरते.

नुकसान कसे होते, हे घरट्याच्या पद्धतीवर ठरते. पफिन आणि मँक्स शिअरवॉटर गवताळ उतारावर बिळे करतात. वरून नुसते हिरवे गवत दिसते. वाट सोडून एक पाऊल टाकले की बिळाचे छप्पर खचते आणि आतला पक्षी किंवा पिल्लू गाडले जाते. गिलेमॉट घरटे बांधतच नाही. उभ्या कड्याच्या वीतभर रुंदीच्या फळीवर शेकडो पक्षी खांद्याला खांदा लावून उभे असतात, आणि एका टोकाला निमुळते असलेले अंडे उघड्या दगडावर असते. होडीचा भोंगा वाजला किंवा ड्रोन वर आला, की सगळे एकदम झेपावतात आणि त्या धांदलीत अंडी समुद्रात पडतात.

उष्ण प्रदेशातल्या सुरय पक्ष्यांची गोष्ट आणखी वेगळी. वाळूत किंवा खडकावर ठेवलेले ठिपकेदार अंडे आसपासच्या खड्यांत इतके मिसळून जाते, की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. भर दुपारी आई-बाप अंड्यावर बसतात ते ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. कधी कधी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतात आणि अंडे ओले करतात. एखादा हौशी छायाचित्रकार ‘एकच फोटो’ म्हणून दहा मिनिटे तिथे रेंगाळला, तर वर भिरभिरणारा पक्षी खाली उतरू शकत नाही आणि तापलेल्या खडकावर अंड्यातला जीव तेवढ्यात जातो. छायाचित्रात यातले काही दिसत नाही. दिसतो तो फक्त चोच उघडून ओरडणारा देखणा सुरय.

शिकारीच्या सहलीपासून

या सहलींचा पूर्वेतिहास रक्तरंजित आहे. आइसलँडजवळच्या एल्डी बेटावर १८४४ मध्ये ग्रेट ऑक या न उडणाऱ्या पक्ष्याची शेवटची ज्ञात जोडी मारली गेली. इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या फ्लँबरो हेड कड्यांजवळ सुट्टीची मौज म्हणून आगबोटी निघत आणि त्यांतून घरट्यावरच्या पक्ष्यांवर बंदुका झाडल्या जात. टोप्यांना लावायच्या पिसांनाही चांगला भाव होता. कड्याच्या पायथ्याशी होडी, होडीत हौशी माणसे, वर पक्षी, असे आजचेच चित्र. हातात दुर्बिणीऐवजी बंदूक. या कत्तलीविरुद्ध ओरड झाली आणि १८६९ मध्ये ब्रिटनमध्ये समुद्रपक्षी संरक्षणाचा कायदा आला.

वेल्सच्या स्कोकहोम बेटावर १९३३ मध्ये निसर्ग-अभ्यासक रॉनल्ड लॉकली यांनी ब्रिटनमधले पहिले पक्षी-निरीक्षण केंद्र सुरू केले. गालापागोस बेटांवर १९५९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. सहल-आयोजक लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी १९६६ मध्ये पर्यटकांना अंटार्क्टिकाला नेले. अभ्यासकांबरोबर जहाजातून जायचे आणि रबरी होडीतून थोड्या वेळासाठी किनाऱ्यावर उतरायचे, ही पद्धत तेव्हापासून रुळली. अंटार्क्टिकाला सहली नेणाऱ्यांनी १९९१ मध्ये स्वतःची संघटना काढून नियम घालून घेतले.

प्रत्यक्ष सहल

वेल्समधले स्कोमर, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरची फार्न बेटे आणि स्कॉटलंडचा बास रॉक ही या सहलींची गाजलेली ठिकाणे. स्कोमरवर मँक्स शिअरवॉटरच्या सुमारे साडेतीन लाख जोड्या वीण करतात, तरी दिवसा जाणाऱ्याला त्यांतला एकही धड दिसत नाही. हा पक्षी बिळात परततो तो रात्री, आणि तोही अंधाऱ्या रात्री, कारण चांदण्यात मोठे कुरव त्याला टिपून खातात. दिवसाच्या होडीने जाऊन पफिन पाहून परतणाऱ्याने त्या बेटाचा निम्मासुद्धा ऐवज पाहिलेला नसतो. फार्न बेटांवर उलट प्रकार: पायवाटेच्या कडेलाच आर्क्टिक टर्नची अंडी असतात, आणि पक्षी येणाऱ्याच्या डोक्यावर चोचीने टोले हाणतात. टोपी घालून जा, ही तिथली पहिली सूचना. बास रॉक हा गॅनेट पक्ष्यांचा खडक. २०१४ च्या मोजणीत तिथे ७५ हजारांहून अधिक घरटी होती. २०२२ मध्ये बर्ड फ्लूची साथ आली आणि २०२३ च्या मोजणीत तो आकडा ५२ हजारांच्या घरात आला. त्या साथीत फार्नसह अनेक बेटांवर माणसांना उतरणे बंद केले गेले; सहली झाल्या त्या होडीतूनच.

सहलीत दोन जाणकार लागतात. एक पाण्याचा: लाट, वारा, भरती-ओहोटी ओळखणारा नावाडी. दुसरा पक्ष्यांचा. दोघांचेही खरे कसब ‘आज उतरायचे नाही’ हे सांगण्यात आहे. खडकाळ बेटांना धक्का असा नसतोच. होडी लाटेबरोबर वर आली की त्या क्षणी पाय टाकायचा असतो. लाट जरा मोठी असली की फेरी रद्द होते किंवा बेटाला वळसा घालून परत येते. पैसे भरून आलेल्या मंडळींना हे पटवणे सोपे नाही. मार्गदर्शकाची पारख नेमकी तिथेच होते: प्रवाशांच्या आग्रहापुढे नमून होडी कड्याला भिडवणारा लोकप्रिय होतो, पण त्याच्या बेटावर पुढच्या वर्षी पक्षी कमी असतात.

स्कोमरवर दिवसाला २५० जणांनाच उतरू देतात. गालापागोसमध्ये परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय ठरलेल्या वाटांवर फिरता येत नाही. एका मार्गदर्शकामागे जास्तीत जास्त १६ माणसे, आणि प्राण्या-पक्ष्यांपासून निदान दोन मीटर अंतर. अंटार्क्टिकात एका ठिकाणी एका वेळी शंभराहून जास्त पर्यटक उतरवत नाहीत, आणि पेंग्विनपासून पाच मीटर दूर राहावे लागते. वाट मात्र पेंग्विनची: तो चालत आला तर माणसाने थांबायचे. उतरण्यापूर्वी बूट जंतुनाशकात बुडवले जातात, खिसे आणि पिशव्यांच्या शिवणींत अडकलेले गवताचे बी काढले जाते. सगळ्यांत मोठी धास्ती उंदरांची. सामानातून गेलेली एक गाभण उंदरीण बेटाची वसाहत संपवायला पुरते. ब्रिटनच्या लंडी बेटावरून उंदीर हटवल्यानंतर तिथले समुद्रपक्षी कित्येक पटींनी वाढले. दक्षिण अटलांटिकमधले दक्षिण जॉर्जिया बेट अनेक वर्षांच्या मोहिमेनंतर २०१८ मध्ये उंदीरमुक्त जाहीर झाले.

तयारीचे थोडक्यात: होडी हलते म्हणून ८ पट किंवा त्याहून कमी वर्धनाची दुर्बीण बरी, तिपाईवरची दूरदर्शी होडीत निरुपयोगी. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी, मळमळू लागल्यावर नव्हे. पक्ष्यांच्या विष्ठेचा वास वाऱ्याच्या दिशेप्रमाणे बेट दिसण्याआधीच पोचतो.

भारतातील बेटे

लक्षद्वीपमधले पिट्टी हे झाडझाडोरा नसलेले, जेमतेम सव्वा हेक्टरचे बेट सुरय आणि त्यांच्याच कुळातले नॉडी यांच्या विणीसाठी प्रसिद्ध असून ते अभयारण्य आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे सिंधुदुर्गातले वेंगुर्ला रॉक्स, जुन्या नकाशांतली ‘बर्न्ट आयलंड्स’. पक्षिअभ्यासक अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम लक्षद्वीपच्या सफरीत १८७५ मध्ये इथे येऊन गेले. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी इथले सुरय आणि पाकोळ्या यांच्यावर १९४२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. ब्रायडल्ड टर्न खडकांच्या कपारींत, तर मोठे तुरेवाले सुरय उघड्यावर वीण करतात. गुहांत भारतीय पाकोळ्या लाळेने भिंतीला चिकटवलेली घरटी करतात. या घरट्यांना परदेशी बाजारात खाद्य म्हणून मागणी असल्याने ती चोरीला जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने त्यांच्या राखणीचे काम केले.

सुरय पक्ष्यांची वीण उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यात होते, म्हणजे नेमका समुद्र खवळलेला असताना. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पर्यटकांच्या होड्या त्याआधीच वर ओढलेल्या. या खडकांची राखण माणसापेक्षा पावसाळ्यानेच जास्त केली आहे. मात्र मे महिन्यात, सुट्ट्यांच्या गर्दीत, एक फट उरते. निवती-भोगवे भागातून डॉल्फिन दाखवायला निघालेली होडी ‘तेवढे बेटही दाखवा’ या हट्टापायी खडकांकडे वळू शकते. इथे न उतरता दुरून एक फेरी मारणे एवढीच सहल योग्य. युरोपातल्या बेटांसारख्या आखलेल्या वाटा आणि बेटावर मुक्कामाला असलेले रखवालदार इथे नाहीत. त्यांच्याविना उतरणे म्हणजे अंड्यांवरून चालणे.

पुण्यातून

समुद्र नसलेल्या पुण्यात या सहलींची हौस कमी नाही. पाषाण तलाव, कवडीपाट, सिंहगडाची दरी इथे सुरुवात केलेले पक्षिमित्र पुढे कोकणात आणि मग परदेशी वळतात. परदेशी सहलींत तारखांचा घोळ नेहमीचा. जाहिरातीत पफिन असतो, पण तो उत्तर अटलांटिकच्या कड्यांवर साधारण एप्रिल अखेर ते जुलै अखेर एवढाच असतो. शाळेच्या उन्हाळी सुट्टीशी हे जमते. दिवाळीच्या सुट्टीत गेलेल्याला रिकामे कडे पाहून यावे लागते. दिवाळीनंतरच्या महिन्यांत दक्षिण गोलार्ध गाठावा: अंटार्क्टिकाचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. पुण्याहून गटाबरोबर येणारा मार्गदर्शक मराठीत समजावून सांगतो, ते उपयोगाचे असते. पण बेटावर शब्द चालतो तो तिथल्या रखवालदाराचा, हे गटाला आधीच सांगून ठेवलेले बरे.

घराजवळ याची तालीम करायची तर उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणला. रोहित पक्षी पाहायला हिवाळ्यात शनिवार-रविवारी पुण्याची निम्मी पक्षिमित्र मंडळी तिथे असतात, आणि मच्छीमार कुटुंबांतली तरुण मुले होडी वल्हवत पक्षी दाखवतात. कुरवांना जवळ बोलावण्यासाठी शेव-गाठ्या फेकण्याची वाईट खोड इथे लागली आहे. तळलेले, खारवलेले बेसन हा त्या पक्ष्यांचा आहार नव्हे. उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरले की मधली उंचवट्याची बेटे उघडी पडतात आणि त्यांवर नदी सुरय आणि छोटे प्रॅटिनकोल अंडी घालतात. समुद्रपक्षी हे नव्हेत, पण अडचण तीच: उघड्यावरचे न दिसणारे अंडे, कडक ऊन आणि पिल्लाचा फोटो हवा असलेला माणूस. सुज्ञ नावाडी अशा बेटापासून होडी दूर ठेवतो आणि पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागले की मागे वळवतो. एप्रिल-मे महिन्यांत होडी ठरवताना ‘बेटावर उतरायचे नाही’ हे आपणच आधी म्हणावे. उतरवण्याचे जादा पैसे कुणी देऊ केले नाहीत, की नावाड्यालाही नाही म्हणणे सोपे जाते.

पावसाळी वादळांत भर समुद्रातले पक्षी भरकटून घाटावरही येऊन पडतात. दमलेला असा पक्षी सापडला तर त्याला पाण्यात सोडू नये, तोंडात पाणी ओतू नये. हवा खेळती राहील अशा पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवून वन विभागाला कळवावे.