ब्रँडन लीचा मृत्यू सिनेमात दाखवलेला नाही

ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन याचा कट करून खून झाला आणि तो क्षण त्याच्या ‘द क्रो’ या सिनेमामध्ये तसाच ठेवलाय, ही वावडी तीस वर्षं उलटली तरी फिरतेच आहे. दोन्ही गोष्टी साफ खोट्या. ३१ मार्च १९९३ ला अमेरिकेतल्या विल्मिंग्टनच्या सेटवर घडला तो अक्षम्य हलगर्जीपणा. आधीच्या एका शॉटमधल्या बनावट (गोळी असलेल्या, पण दारू नसलेल्या) काडतुसाची गोळी रिव्हॉल्व्हरच्या नळीत अडकून राहिली होती. नळी कुणी नीट तपासलीच नाही! नंतर त्यातूनच नुसत्या दारूचं काडतूस उडवलं आणि त्या दाबाने अडकलेली गोळी ब्रँडनच्या पोटात घुसली. वय अवघं २८. तो प्रसंग पुढे बदलून, बदली कलाकार घेऊन चित्रित झाला. वडिलांच्या ‘गेम ऑफ डेथ’मध्येही सेटवर नायकाला खरी गोळी लागते, म्हणून अफवेला बळ मिळालं.