हातात पैसा आला आणि पोरांचं वागणं बदललं

गरीब घरातल्या मुलांमध्ये मानसिक त्रास जास्त दिसतो हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आलंय, पण का यावर वाद होता. काही म्हणायचे गरिबीमुळेच त्रास होतो, काही म्हणायचे की ज्या घरात मानसिक आजार आहे तेच घर हळूहळू गरिबीत जातं. आता हे तपासणार कसं, निम्म्या घरांना पैसे द्या आणि निम्म्यांना देऊ नका असा प्रयोग कोण करणार?

अमेरिकेत तो आपोआप घडला. नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात ड्यूक विद्यापीठाच्या जेन कॉस्टेलो यांच्या टीमने 1993 पासून 1,420 मुलांचा अभ्यास सुरू केला होता, वय 9, 11 आणि 13, त्यातली साधारण पाव मुलं तिथल्या मूळ रहिवासी चेरोकी समाजाची, आणि दरवर्षी मुलाशी पण बोलायचं आणि पालकांशी पण. मध्येच चेरोकींच्या जमिनीवर कसिनो सुरू झाला आणि नफ्यातला वाटा समाजातल्या प्रत्येकाला मिळायला लागला, कुठलीच अट नाही. 2001 पर्यंत ही रक्कम वर्षाला 6,000 डॉलरच्या आसपास गेली.

14 टक्के चेरोकी कुटुंबं गरिबीतून वर आली, 53 टक्के गरीबच राहिली, बाकीची आधीपासूनच बरी होती. जी वर आली त्यांच्या मुलांची मारामारी, चिडचिड, उलटून बोलणं चार वर्षांत इतकं कमी झालं की कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या बरोबरीला आलं. जी गरीबच राहिली त्यांच्यात तसा फरक नाही.

कारण शोधलं तर मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट सापडली, आईवडिलांना मुलांकडे लक्ष द्यायला वेळ मिळायला लागला होता. आपण किती पटकन बोलून जातो ना की आईबापाने वळणच लावलं नाही, पण वळण लावायला संध्याकाळी घरी असावं लागतं, आणि दोन-दोन कामं करणाऱ्या माणसाकडे ती संध्याकाळच नसते!

पैशाने सगळं सुटलं असं मात्र नाही. डिप्रेशन आणि अँग्झायटी जवळपास तशीच राहिली.

ही मुलं मोठी झाल्यावर परत तपासली, 2010 मध्ये ते निष्कर्ष आले. पैसे सुरू झाले तेव्हा जी वयाने सगळ्यात लहान होती, म्हणजे बालपणाची जास्त वर्षं ज्यांना तो आधार मिळाला, त्यांच्यात दारू आणि गांजाच्या व्यसनाचं प्रमाण मोठ्या मुलांपेक्षा कमी निघालं.