ग्लॉसॉप्टेरिसची जंगले आणि नावांचा घोळ

सुमारे 25 कोटी 20 लाख वर्षांपूर्वी, पर्मियन कालखंड संपता संपता, समुद्रातल्या दर दहा प्रजातींपैकी किमान आठ नाहीशा झाल्या. सायबेरियातले लाव्हाचे उद्रेक, तापलेले समुद्र ही बाजू बहुतेकांच्या वाचनात आलेली असते. जमिनीवरच्या झाडांचे काय झाले, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. त्यातला निम्मा घोळ झाडांचा नाही, नावांचा आहे.

भारत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, अंटार्क्टिका तेव्हा एकमेकांना जोडलेले होते आणि त्यांच्या पाणथळ सखल भागांत ग्लॉसॉप्टेरिस या झाडाची जंगले होती. चंद्रपूर-बल्लारपूरकडचा दगडी कोळसा मुख्यतः त्याच जंगलांचा. 1850च्या दशकात नागपुरात राहणाऱ्या एका मिशनऱ्याने आसपासच्या खडकांतून या झाडाच्या पानांचे ठसे गोळा केले होते. ठसा ओळखायला सोपा: जिभेसारखे लांबट पान, मधोमध ठसठशीत शीर आणि बाजूच्या शिरांची जाळी. आकारावरूनच 1828मध्ये नाव पडले ‘जीभ-नेचे’. नेच्याशी याचा काही संबंध नाही. हे बी धरणारे झाड होते, पण पानाला जोडलेले प्रजननाचे अवयव ओळखले जायला 1952 साल उजाडले.

मुळात ग्लॉसॉप्टेरिस हे झाडाचे नावच नव्हे, ते पानाचे नाव. जीवाश्मात पान, मूळ, खोड, पराग सहसा वेगवेगळे सापडतात, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र शास्त्रीय नाव देण्याची रीत पडली. याच झाडाचे मूळ म्हणजे व्हर्टिब्रेरिया. मणक्यांच्या माळेसारखे, आत हवेचे कप्पे असलेले, चिखलात तग धरणारे. नर अवयव एरेटमोनिया, मादी अवयवांना निराळीच नावे, परागकणाला आणखी एक. रेशनकार्डावर एक, सातबाऱ्यावर दुसरे, मतदारयादीत तिसरे, असा प्रकार. त्यात शिरांच्या किरकोळ फरकावरून पानांच्या ढीगभर प्रजाती केल्या गेल्या. एका फांदीवरची दोन पाने दोन प्रजातींत गेली नसतील, याची खात्री कोण देणार?

आता यातून विनाश मोजायचा. पाने मोजली तर नुकसान फुगते, कारण एक झाड गेले की नावे अनेक जातात. पराग मोजले तर उलटे. अंगावर चिरा आणि दोन बाजूंना हवेच्या पिशव्या असलेले पराग फक्त ग्लॉसॉप्टेरिसचे नसत, इतर गटांचेही तसेच असत. त्यामुळे झाड संपले तरी परागाचे नाव पुढच्या थरात चालूच राहते. शिवाय जुन्या थरातले पराग झिजेबरोबर वाहून नव्या गाळात बसतात, ते वेगळेच.

2019मध्ये हा पेच ऐरणीवर आला. जगभरच्या नोंदी एकत्र करून एका गटाने मांडले, की वनस्पतींच्या बाबतीत महाविनाश झालाच नाही. त्याच वर्षी सिडनीजवळच्या कोळशाच्या थरांवरून दुसऱ्या गटाने दाखवले, की तिथले ग्लॉसॉप्टेरिसचे जंगल समुद्रातल्या मुख्य संहाराच्याही सुमारे 3 लाख 70 हजार वर्षे आधी कोसळले. बातम्यांत पहिला निष्कर्ष जास्त गाजला. खरे तर दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते: एक यादीतली नावे, दुसरा उभे जंगल.

उभ्या जंगलाचा पुरावा दुर्लक्षून चालत नाही. पर्मियननंतर जवळपास 1 कोटी वर्षे कोळशाचे थर जवळजवळ सापडतच नाहीत. दक्षिण आफ्रिकेच्या कारू खोऱ्यात नागमोडी नद्या फुटून अनेक उथळ प्रवाहांच्या झाल्या. मुळांची पकड सुटली की काठ ढासळतात. काही वनस्पतींचे बीजाणू सुटे न होता चार-चारच्या जुडग्यांतच अडकलेले मिळतात. ओझोन विरळ होऊन अतिनील किरण वाढल्याचा संशय त्यावरूनच आला.

मोकळ्या जागेत गोंडवानात, म्हणजे वरच्या जोडलेल्या भूभागात, पुढे डायक्रॉइडियम नावाचे दुसरे बी धरणारे झाड पसरले. विनाशानंतर उदयाला आलेला गट अशी त्याची ओळख होती, पण जॉर्डनमध्ये मृत समुद्राच्या काठी ते पर्मियनच्याच थरांत सापडले. म्हणजे ते आधीपासून उष्ण पट्ट्यात होते, नंतर दक्षिणेकडे सरकले. आणि मध्य प्रदेशात निदपूरच्या ट्रायसिक, म्हणजे पर्मियननंतरच्या कालखंडातल्या, थरांत डायक्रॉइडियमच्या सोबतीला ग्लॉसॉप्टेरिसची पानेही नोंदली गेली आहेत. पाने, अर्थात.