बंबात पाणी किती? स्टीमपंक वॉरगेममागचा इतिहास

९ मार्च १८६२. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं आणि व्हर्जिनियाच्या किनाऱ्यालगत हॅम्प्टन रोड्सच्या पाण्यात लोखंडाने मढवलेली दोन जहाजं एकमेकांवर सुमारे चार तास तोफा डागत होती. दक्षिणेचं ‘व्हर्जिनिया’, उत्तरेचं ‘मॉनिटर’. कुणाचाच गोळा कुणाच्या कवचातून आरपार गेला नाही. मात्र ‘व्हर्जिनिया’च्या धुराड्याची गोळ्यांनी चाळण झाली होती. ज्यांच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता त्यांना पुढचं समजावून सांगायला नको. नळकांडं धड नसलं की हवेची ओढ जाते, ओढ गेली की जाळ बसतो, आणि मग पाणी तापायचं नाव घेत नाही. आधीच मंद चालणारं ते जहाज आणखी मंदावलं. वळायला त्याला अर्धा-अर्धा तास लागायचा. भरीस भर म्हणजे कोळसा जळत गेला तसं ते हलकं होऊन वर आलं आणि पाण्याखाली लपलेली, कवच नसलेली बाजू उघडी पडायला लागली.

स्टीमपंक दुनियेतला युद्धखेळ, म्हणजे वाफेवर चालणारे लोखंडी राक्षस, उडती जहाजं आणि वर थोडी जादू, असा खेळ वास्तववादी करायचा म्हणजे काय करायचं, यावर खेळ बनवणाऱ्यांचे वाद कायम चालतात. माझ्या मते निम्मं उत्तर त्या धुराड्यात आहे. तोफ किती मोठी आणि कवच किती जाड हे सगळेच खेळ सांगतात. हॅम्प्टन रोड्सला तोफ आणि कवच यांची बरोबरी झाली. फरक पाडला तो धूर, कोळसा आणि पाण्याची खोली यांनी.

‘वास्तववादी’ या शब्दावरचं भांडण मात्र वाफेच्याही आधीचं आहे. आपल्या चतुरंगाचं बुद्धिबळ होऊन युरोपात पोचलं, रुळलं. १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या दरबारात सरदारांच्या मुलांना शिकवणाऱ्या योहान हेलविगने त्याचा पट ताणून दीड हजारांहून जास्त घरांचा केला आणि घरांना रंग देऊन डोंगर, पाणी, दलदल दाखवली. कल्पना झकास होती. पण पट तो पटच. बुद्धिबळातला हत्ती एका खेळीत या टोकापासून त्या टोकाला जातो, त्याला ना तहान लागते ना धाप.

पट मोडला तो जर्मनीतल्याच प्रशिया राज्यातल्या राइसवित्झ बाप-लेकांनी. बापाने १८१२ मध्ये राजाला प्लास्टरच्या तुकड्यांतून डोंगर-नद्या मांडता येतील असं टेबल करून दिलं. मुलगा तोफखान्यात लेफ्टनंट. त्याने १८२४ मध्ये नियम छापले आणि खेळ थेट नकाशावर आणला: प्रमाण १:८०००, एक खेळी म्हणजे दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत पायदळ खरोखर जेवढं चालेल तेवढीच सोंगटी सरकणार. गोळीबारात किती माणसं पडली हे फासे टाकून ठरायचं, पण फाशांमागचे तक्ते खऱ्या चाचण्यांतल्या आकड्यांवर बेतलेले. मध्ये पंच. तुमच्या सैन्याला जे दिसू शकेल तेवढंच तो तुम्हाला दाखवणार. हुकूम चिठ्ठीवर लिहून द्यायचा, आणि तो वेळेवर पोचेलच याची खात्री नाही. सेनाधिकारी म्युफलिंग आधी कंटाळून बघत होता म्हणतात. खेळ रंगत गेला तसा हा खेळच नव्हे, ही युद्धाची शाळा आहे, असं तो म्हणाला आणि सैन्यभर त्याची शिफारस झाली.

शाळा झाली, तशी शाळेतली भांडणंही आली. तक्ते वाढले, हिशेब वाढला, एका चकमकीचा निकाल लावता लावता संध्याकाळ व्हायची. १८७६ मध्ये फेरदी दु व्हर्न्वा या अधिकाऱ्याने सांगून टाकलं की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल तो निकाल. त्याला ते परवडत होतं. १८७० च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात तो प्रशियाचा सेनाप्रमुख मोल्टके याच्या हाताखाली होता, रेल्वेने फौजा हलताना त्याने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पण वाफेवर चालणाऱ्या हत्तीचा अनुभव कोणत्या पंचाला असणार? म्हणून स्टीमपंक खेळ करणाऱ्याला फेरदीची वाट बंद. त्याला आकड्यांकडेच यावं लागतं, आणि आकडे आणायचे कुठून हा प्रश्न तिथून सुरू होतो.

ज्या काळात वाफ ही कल्पना नव्हती, चालू व्यवहार होता, त्या काळात याचं एक उत्तर मिळालं होतं. फ्रेड जेन या इंग्रजाने १८९८ मध्ये आरमारी युद्धखेळ काढला. समोरच्या जहाजाचं चित्र पुठ्ठ्यावर. मारा करायचा तो एका फळीने, जिच्यात टाचणी मधोमध न बसवता मुद्दाम बाजूला बसवलेली. नेम धरून फळी आपटायची आणि भोक कुठे पडलं ते बघायचं, धुराड्याला, सुकाणूला की नुसत्या समुद्राला. जगातल्या सगळ्या युद्धनौकांची कवचं, तोफा, वेग यांची जी जंत्री त्याने त्याच वर्षी छापली, ती या खेळाच्या जोडीला म्हणून. खेळ आज फारसं कुणी खेळत नाही, जंत्री मात्र ‘जेन्स’ नावाने अजून निघते आणि जगभरची आरमारं ती चाळतात. एच. जी. वेल्सने १९०३ मध्ये रणगाड्यासारख्या लोखंडी गाड्यांची कथा लिहिली आणि १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियमही लिहिले. पण ते दिवाणखान्यात, स्प्रिंगच्या तोफेने शिपाई पाडायचे नियम होते, त्यात त्या गाड्यांना जागा नव्हती.

पुढचा टप्पा अमेरिकेतला. १९५४ मध्ये चार्ल्स रॉबर्ट्सने पुठ्ठ्याच्या सोंगट्यांचा युद्धखेळ बाजारात आणला. दोन्ही बाजूंच्या बळाचं गुणोत्तर काढा, फासा टाका, तक्त्यात निकाल बघा. काही वर्षांत षट्कोनी घरांचा नकाशाही आला. १९७१ मध्ये मध्ययुगीन लढायांच्या एका नियमपुस्तकाला जादूगार आणि ड्रॅगन यांची पुरवणी जोडली गेली, आणि अद्भुत हा या खेळांचा रीतसर भाग झाला.

‘स्टीमपंक’ हा शब्द १९८७ मधला. के. डब्ल्यू. जेटर या लेखकाने एका मासिकाला लिहिलेल्या पत्रात तो अर्धवट गमतीने वापरला. पुढच्याच वर्षी फ्रँक चॅडविकचा ‘स्पेस: १८८९’ हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ आला, आणि त्याच दुनियेतला, मंगळावरच्या उडत्या जहाजांच्या लढायांचा पटावरचा खेळही. चॅडविक मूळचा ऐतिहासिक वॉरगेमचा माणूस, दुसऱ्या महायुद्धावर आणि अमेरिकी यादवीवर खेळ केलेला. ते इथे दिसतं. मंगळावर एक झाड उगवतं, त्याच्या लाकडात वर उचलण्याची शक्ती असते. चमत्कार म्हणाल तर हा, आणि अवकाशात भरलेल्या कल्पित ‘इथर’मधून जाणारं यंत्र हा दुसरा. बाकी बंदुका, पलटणी, तोफनौका सगळं राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं. ते लाकूड फक्त मंगळावरच मिळतं म्हणून साम्राज्यं तिथे धावतात. चमत्कार थोडे, त्यांची किंमत ठरलेली आणि बाकीचा हिशेब चोख, ही शिस्त मला नंतरच्या पुष्कळ भपकेबाज खेळांत सापडत नाही.

२००३ च्या ‘वॉरमशीन’चंच बघा. बॉयलरवर चालणारी लोखंडी धूडं मैदानात उतरतात. त्यांच्या माहितीत कोळसा किती मावतो आणि लढताना तो किती वेळ पुरतो हेही छापलेलं. टेबलावर मात्र कोळसा कधीच संपत नाही, धूड चालतं ते जादूगाराने वाटलेल्या शक्तीवर. एका संध्याकाळच्या झटापटीला हे चालून जातं, आणि खेळ मजेदार आहे यात वाद नाही. पण मोहीम खेळायची असेल तर गाडी इथेच अडते.

मोहिमेसाठी मी दरवेळी १८६८ च्या ॲबिसिनियाकडे, म्हणजे आजच्या इथिओपियाकडे जातो. सम्राट तेवोद्रोसने इंग्रज सरकारचे दूत आणि मिशनरी कैदेत टाकले, म्हणून मुंबईच्या फौजेचा सेनापती रॉबर्ट नेपियर तेरा हजारांच्या आसपास सैनिक घेऊन तांबड्या समुद्रावर झुला इथे उतरला. तिथे प्यायला पाणी नाही. आगबोटींवर समुद्राचं पाणी उकळून, वाफ थंड करून प्यायचं पाणी करायचे, म्हणजे फौजेची तहान कोळशावर भागत होती. आधी पोचलेली कितीतरी खेचरं तहानेने मेली. भारतातून इंजिनं आणि रूळ नेऊन डोंगराच्या पायथ्याच्या दिशेने काही मैलांची रेल्वे टाकली. पुढे डोंगरात जड तोफा हत्तींच्या पाठीवर. चव्वेचाळीस हत्ती, आणि एकूण वाट चांगली सहाशे किलोमीटरची. तिकडे तेवोद्रोसही स्वस्थ बसला नव्हता. युरोपियन कारागिरांकडून ओतून घेतलेली ‘सेबास्टोपोल’ नावाची सुमारे सात टनांची तोफ तो, आधी रस्ता फोडून मग ओढत, महिनोन् महिने मगदलाच्या डोंगराकडे नेत होता. खरी लढाई १० आणि १३ एप्रिलला, दोन्ही मिळून काही तासांची.

आगबोट, आगगाडी, हत्ती, राक्षसी तोफ, डोंगरावरचा सम्राट. जादू सोडली तर काय कमी आहे यात? आणि खेळाडूला खरे पेच इथे पडतात: रूळ आणखी दोन मैल वाढवू की खेचरं आणू? कोळसा इंजिनाला देऊ की पाणी करायला?

बाकीचे आकडेही हाताशी आहेत. बॉयलर एक किलो कोळशामागे ढोबळमानाने सहा ते आठ किलो पाणी पितो, त्यामुळे यंत्र अडतं ते बहुधा कोळशाआधी पाण्यापाशी. थंड इंजिनाला वाफ धरायला काही तास लागतात, म्हणजे अचानक हल्ला झाला तर विस्तव आधीपासून पेटता ठेवलेला असला पाहिजे, आणि तो ठेवला तर रात्रभर कोळसा जळणार. जहाजाचा वेग दुप्पट करायला ताकद साधारण आठपट लागते. चढाचा नियम हवा असेल तर पुण्याला जाणाऱ्या कुणालाही विचारा, कर्जतला गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, का लागतात. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाटाचा चढ ३७ ला १, आणि तो आजही एका इंजिनाच्या बापाला जुमानत नाही.

आमच्या जेवणाच्या टेबलावर सध्या असाच एक खेळ घडतोय. पहिल्या चाचणीत एकाचा वाफेचा हत्ती सहा खेळ्या नकाशाभर हुंदडला, तेव्हा समोरच्याने विचारलं, “अरे, हा पाणी कुठे पितो?” कुणाकडेच उत्तर नव्हतं. आता प्रत्येक यंत्राच्या कार्डावर तीन रांगा आहेत: पाणी, कोळसा, धुराडं. धुराड्याच्या रांगेतली दोन घरं खोडली गेली की वेग अर्धा. हत्ती दर तिसऱ्या खेळीला नदीकाठी थांबतो आणि शत्रूचे घोडेस्वार नेमके तिथेच दबा धरून बसतात. मागच्या रविवारी हत्तीवाल्याने भांडून एक नवी सोंगटी मंजूर करून घेतली, पखालवाला. किंमत तीन गुण, लढण्याची ताकद शून्य. डाव अर्ध्यावर यायच्या आत समोरच्याने तोफखाना सोडून सगळे फासे त्याच्यावरच टाकले.