रोमन नाणी: सैन्याचा पगार, सम्राटाची छबी आणि वाढतं हीण

रोमन नाणी म्हटलं की बाजारपेठ आठवते. पण ही नाणी पाडली जायची ती मुख्यतः सरकारची देणी भागवायला, आणि त्यातलं सर्वांत मोठं देणं सैन्याचं. देनारियस हे चांदीचं नाणं इ.स.पू. २११ च्या सुमारास आलं, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध ऐन भरात असताना. काशाच्या जड नाण्यांवर उभी असलेली जुनी व्यवस्था त्या खर्चाखाली कोलमडली होती. टांकसाळ कॅपिटोलिन टेकडीवर, जुनो मोनेटा देवीच्या देवळालगत होती.

टांकसाळीवर नेमले जाणारे तरुण अधिकारी नाण्यांवर आपल्या पूर्वजांचे पराक्रम कोरून घेत. पुढे निवडणूक लढवायची, तर कुळाचं नाव घरोघर पोहोचवायला याहून स्वस्त साधन कुठलं? जिवंत माणसाचा चेहरा मात्र रोमच्या नाण्यावर येत नसे. इ.स.पू. ४४ मध्ये सीझरनं तो संकेत मोडला आणि त्याच वर्षी त्याचा खून झाला. गंमत अशी, की राजेशाही नको म्हणून खंजीर चालवणाऱ्या ब्रूटसनंही आपल्या सैन्याच्या पगारासाठी नाणी पाडली, तेव्हा एका बाजूला स्वतःचीच छबी घातली! दुसऱ्या बाजूला दोन खंजीर, मधे दास्यमुक्तीची टोपी आणि खाली खुनाची तारीख.

पहिला सम्राट ऑगस्टस यानं हिशेब पक्का बसवला: सोन्याचा एक ऑरियस म्हणजे २५ देनारियस, एक देनारियस म्हणजे ४ सेस्टर्शियस किंवा १६ आस. पाँपेईतल्या एका मद्यालयाच्या भिंतीवर दर लिहिलेला सापडला आहे. एका आसला साधी दारू, दोनला बरी, चारला फालेर्नियन ही उंची दारू. सैनिकाला दिवसाला जेमतेम १० आस पडत, त्यातून कपडे, शस्त्रं, तंबू यांचे पैसे कापले जात. इ.स. १४ मध्ये डॅन्यूब नदीकाठच्या पॅनोनिया प्रांतातल्या सैन्यानं बंड केलं, तेव्हा मागणी होती रोज एक देनारियस.

एकदा हातात आलेलं नाणं इतर कामांनाही लागे. मृताच्या तोंडात ते पैलतीरावरच्या नावाड्यासाठी ठेवत, जहाज बांधताना डोलकाठीच्या बुडाशी घालत. इंग्लंडमधल्या बाथच्या पवित्र झऱ्यात हजारो नाणी मिळाली आहेत. पोरं छापा-काटाही खेळत; त्यांच्या तोंडी ‘डोकी की जहाजं’ असे.

पगार द्यायचा, चांदी अपुरी, म्हणून हीण मिसळायचं, ही वाट ठळकपणे उघडली नीरोनं, इ.स. ६४ मध्ये. भारतातल्या सापडींकडे पाहिलं, तर चांदीची नाणी बहुतांशी त्याच्या आधीची, म्हणजे हीण वाढण्यापूर्वीची, ऑगस्टस आणि टायबेरियसची दिसतात. ती मुख्यतः दक्षिणेत, कोइमतूरच्या परिसरात सापडली. आपल्या बाजूला पैठण आणि तेरचा माल भडोचला जाई, आणि भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी स्थानिक चलनात बदलून नफा मिळे, असं तेव्हाच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात नोंदलेलं आहे. भारत दरसाल ५ कोटी सेस्टर्शियस ओढून नेतो, ही रोमन लेखक प्लिनीची तक्रार तर प्रसिद्धच. तेरला रोमन नाण्यांची मातीतली नक्कलही मिळाली, बहुधा गळ्यात घालण्यासाठी केलेली.

इकडे रोममध्ये सैन्याला खूश ठेवण्यासाठी काही सम्राटांनी पगार वाढवले. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात देनारियसमध्ये चांदी निम्म्यावर आली, इ.स. २७० च्या आसपासच्या ‘चांदीच्या’ नाण्यांत ती नावालाच उरली, वरून नुसता मुलामा. भाव भडकले. डायोक्लेशियननं ३०१ मध्ये वस्तूंचे आणि मजुरीचे कमाल दर फर्मानानं ठरवून पाहिले, ते टिकले नाहीत. सरकार स्वतःच कर धान्याच्या रूपात घेऊ लागलं होतं. कॉन्स्टंटाइननं पौंडाला ७२ या हिशेबानं सोन्याचा सॉलिडस काढला, तो मात्र अकराव्या शतकापर्यंत जवळपास तसाच खणखणीत राहिला. पण ते सोनं बडे अधिकारी आणि जमीनदार यांच्या हातातलं. शेतकऱ्याच्या कनवटीचं तांबं त्यानंतरही घसरतच गेलं.